हातांचें शिक्षण : संत योहान बॉस्को यांच्या उद्योगशाळांचा इतिहास

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं मागें वळून पाहण्याची चाल आहे. देवमंदिराचा पाया केव्हां घातला गेला, घंटा कोणीं अर्पण केली, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली, हें सर्व या स्मरणिकेंत इतरत्र आलेंच आहे. आम्हीं मात्र वाचक बंधुभगिनींपुढें एक निराळा इतिहास मांडण्याचें योजिलें आहे. तो आमच्या गांवचा नव्हे, इटली देशांतील तुरिन शहराचा आहे. परंतु ज्या घरांत शाळा अर्धवट सोडलेला मुलगा ओट्यावर बसून असतो, आणि ‘याचें पुढें काय व्हावयाचें?’ हा प्रश्न रात्रीं जेवतांना सर्वांच्या मनांत असूनही कोणी मोठ्यानें विचारीत नाहीं, अशा प्रत्येक घराशीं त्याचा संबंध आहे. अशीं घरें आमच्या धर्मग्रामांत नाहींत, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

संत योहान बॉस्को, ज्यांस अवघें जग ‘डॉन बॉस्को’ या नांवानें ओळखतें, यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजीं पिडमाँट प्रांतांतील बेक्की नामक वाडींत एका शेतकरी कुटुंबांत झाला. दोन वर्षांचे होण्यापूर्वींच त्यांचें पितृछत्र हरपलें. माता मार्गारेट हिनें मोठ्या सावत्र मुलासह तीन मुलांचा संसार एकटीनें ओढला. पोरवयांतच योहान यांस दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून राहावें लागलें. पुढें विद्येसाठीं घर सोडल्यावर त्यांनीं कधीं शिंप्याच्या घरीं सुई हातीं धरिली, कधीं लोहाराच्या भट्टीपाशीं काम केलें, तर किएरी गांवीं एका कॉफीगृहांत चाकरी करून राहण्याची सोय लाविली. जे हुन्नर त्यांनीं त्या वेळीं गरजेपोटीं उचलले, तेच पुढें शेंकडों अनाथांच्या उपयोगीं पडावयाचे होते. परमेश्वराची योजना अशीच असते. ज्या वाटेनें पुढें इतरांस न्यावयाचें, त्या वाटेचे कांटे तो आधीं मनुष्याच्या स्वतःच्या पायांस लागूं देतो.

५ जून १८४१ रोजीं योहान बॉस्को यांस याजकपदाची दीक्षा मिळाली, आणि ते तुरिन शहरीं आले. त्या काळीं तुरिन झपाट्यानें वाढत होतें. नवीं घरें, नवे रस्ते यांच्या कामावर खेड्यापाड्यांतून मुलें येत. कोणी गवंड्याच्या हाताखालीं विटा वाही, कोणी पाथरवटाजवळ दगड फोडी, कोणी रस्त्याची फरसबंदी करी. रात्रीं निजावयास धड जागा नसे. पूर्वीं कारागिरांचे संघ असत, आणि उमेदवार मुलांचें शिक्षण त्यांच्या नियमांनीं बांधलेलें असे. १८४४ सालीं राजाज्ञेनें हे संघ त्या राज्यांत मोडले गेले. धंदा मोकळा झाला खरा, परंतु त्याबरोबर पोरक्या उमेदवारास विचारणारेंही कोणी उरलें नाहीं. मालकानें राबवून घेतलें आणि हुन्नर शिकविलाच नाहीं, तरी दाद कोठें मागावी?

त्यांचे गुरु संत योसेफ कफास्सो यांनीं या तरुण धर्मगुरूंस शहरांतील तुरुंगांत नेलें. तेथें त्यांना कोवळ्या वयाचीं मुलें गजाआड दिसलीं. त्याहून अधिक खिन्न करणारी गोष्ट अशी कीं, सुटून गेलेलीं मुलें थोड्याच दिवसांत पुन्हां तेथेंच परत येत. शिक्षा भोगून बाहेर पडलेल्या मुलास ना घर, ना धंदा, ना ओळखीचें माणूस. मग दुसरें काय व्हावें? या मुलांस बाहेर कोणी मित्र असता, तर तीं आंत आलींच नसतीं, हा विचार डॉन बॉस्को यांच्या मनांत त्या तुरुंगांत रुजला.

१८४१ सालीं ८ डिसेंबरला, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशीं, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या मंदिरांत ते मिस्सेसाठीं वस्त्रें परिधान करीत असतां एक सोळा वर्षांचा मुलगा आंत डोकावला. मंदिरसेवकानें त्यास मिस्सेंत सेवा करावयास सांगितलें. त्यास तें येत नव्हतें, म्हणून सेवकानें त्याला मारून हांकलून लाविलें. डॉन बॉस्को यांनीं त्या मुलास परत बोलाविलें, आणि मिस्सेनंतर प्रेमानें विचारपूस केली. बार्तोलोमेओ गारेल्ली हें त्याचें नांव. आस्ती गांवचा, आईबाप नसलेला, लिहितां वाचतां न येणारा. त्या दिवशीं त्यास धर्माचे पहिले पाठ मिळाले. पुढील रविवारीं तो एकटा आला नाहीं, सोबत्यांसह आला. या लहानशा भेटींतून जें कार्य उभें राहिलें, त्यास ‘ओरातोरी’ म्हणजे प्रार्थनागृह असें नांव पडलें. कित्येक जागा बदलून १२ एप्रिल १८४६ रोजीं, पुनरुत्थानाच्या सणादिवशीं, वाल्दोक्को भागांतील एका ठेंगण्या छपरींत त्यास कायमचा निवारा मिळाला.

प्रार्थना, धर्मशिक्षण आणि खेळ यांबरोबर तेथें रविवारच्या व रात्रीच्या शाळा भरूं लागल्या. शिक्षण कसें? तर मुलांच्या रोजच्या कामास जुळेल असें. १ जानेवारी १८५० पासून त्या राज्यांत वजनामापांची दशमान पद्धति लागू व्हावयाची होती. जुनी मापें मोडल्यावर निरक्षर मजुराची बाजारांत आणि कामावर फसगत होणार, हें ओळखून डॉन बॉस्को यांनीं त्यापूर्वींच ही नवी पद्धति सोप्या भाषेंत समजाविणारी एक पुस्तिका लिहिली. एका याजकानें मीटर आणि किलोग्रॅम यांवर पुस्तक लिहावें, याचें कोणास नवल वाटेल. परंतु गरिबाची मजुरी मापावर ठरते, आणि माप कळलें नाहीं तर घाम फुकट जातो, हें त्यांस ठाऊक होतें.

आठवड्याच्या इतर दिवशीं ते मुलांच्या कामाच्या जागीं जात, मालकांशीं बोलत, मुलांची चौकशी करीत. येथेंच आमच्या इतिहासांतील मुख्य प्रसंग येतो. तुरिन येथील सालेशियन दप्तरांत दोन जुनीं करारपत्रें जतन झालेलीं आहेत. एक नोव्हेंबर १८५१ चें, काचकाम शिकणाऱ्या मुलाचें. दुसरें ८ फेब्रुवारी १८५२ चें, मोंडोवी गांवच्या योसेफ ओदास्सो नामक मुलाचें. या दुसऱ्या पत्रान्वयें बेर्तोलिनो नांवाच्या सुतारानें त्यास दोन वर्षांत सुतारकाम शिकविण्याचें मान्य केलें. अटी वाचण्यासारख्या आहेत. मुलास त्याच्या धंद्याचेंच काम द्यावयाचें, भलतें नाहीं. काम त्याच्या शक्तीपलीकडचें नसावें. चूक झाल्यास प्रेमानें, शब्दांनीं समज द्यावयाची, दुसऱ्या कोणत्याही उपायानें नव्हे. सणावाराचे दिवस त्यास पूर्ण मोकळे ठेवावयाचे, म्हणजे तो उपासनेस व रविवारच्या शाळेस जाऊं शकेल. रोजची मजुरीही ठरलेली. आणि मुलाच्या बाजूनें त्याच्या सद्वर्तनाबद्दल लक्ष पुरविण्याचें वचन देऊन खालीं सही करणारे कोण, तर डॉन बॉस्को.

असे करार त्यांच्या पूर्वींही होत असत. ती कल्पना सर्वस्वीं त्यांची, असा आमचा दावा नाहीं. परंतु ज्या मुलांच्या बाजूनें बोलावयास कोणी वजनदार माणूस नव्हतें, त्यांच्यासाठीं त्यांनीं आपलें नांव कागदावर घातलें, यांत त्यांचें मोठेपण आहे. आपणांपैकीं ज्यांनीं कोणासाठीं जामीनकी पत्करली आहे, त्यांस त्या सहीचें ओझें कळेल. भिक्षा देणारा देऊन मोकळा होतो. जामीन राहणारा दोन वर्षें बांधला जातो. मालकानें मारलें तर त्यास विचारावयाचें, आणि मुलानें काम चुकविलें तर त्यासही विचारावयाचें, असें हें दुहेरी बंधन होतें. मालक आणि मूल दोघेही त्यामुळें सावध राहत.

१८५० सालीं त्यांनीं या मुलांसाठीं परस्पर साहाय्याचें एक मंडळही उभारिलें. सभासदानें दर रविवारीं एक ‘सोल्दो’, म्हणजे पांच सेंतेसिमी, भरावयाचा. सहा महिने भरल्यावर तो आजारी पडल्यास बरा होईपर्यंत रोज पन्नास सेंतेसिमी मिळावयाचे. कमाई सुरू होतांच काटकसरीची संवय लागावी, आणि आजारपणांत दुसऱ्याच्या दारीं हात पसरावा लागूं नये, हा त्यांतील हेतु होता.

परंतु दिवसभर काम करून रात्रीं रस्त्यावर निजणाऱ्या मुलाचें काय? डॉन बॉस्को यांनीं आपल्या घरीं कांहीं मुलांस आसरा दिला. प्रारंभींचा अनुभव कडू होता. निजावयास दिलेलीं पांघरुणेंच घेऊन मुलें पहाटे नाहींशीं झालीं. त्यांनीं दार तरीही बंद केलें नाहीं. १८४६ च्या नोव्हेंबरांत माता मार्गारेट आपलें खेड्यांतील घर सोडून लेकाच्या मदतीस आली होती. १८४७ सालीं पावसांत भिजून आलेल्या एका पोरक्या मुलास तिनें चुलीपाशीं बसवून जेवूं घातलें व बिछाना घालून दिला. १८५६ सालीं मृत्यु येईपर्यंत ती या परक्या मुलांचे कपडे शिवीत व रांधीत राहिली.

बाहेरच्या कारखान्यांत मुलांच्या कानांवर पडणारी शिवीगाळ आणि तेथील वाईट संगति करारानें थांबत नसे. म्हणून १८५३ सालीं डॉन बॉस्को यांनीं घरींच दोन लहान उद्योगशाळा सुरू केल्या, एक जोडे शिवण्याची आणि एक शिवणकामाची. जागा इतकी अपुरी कीं एका चिंचोळ्या वाटेंत बांकडीं मांडावीं लागलीं. पूर्वीं शिकलेले हुन्नर येथें कामास आले. पहिले धडे त्यांनीं स्वतः दिले. १८५४ सालीं पुस्तकबांधणी आली, १८५६ सालीं सुतारकाम, १८६१-६२ सालीं छापखाना, आणि त्यामागोमाग लोहारकाम.

ही वाढ सुरळीत झाली असें मात्र कोणीं समजूं नये. पगारी कारागीर ठेवले, तर त्यांपैकीं कित्येक मुलांस शिकविण्याऐवजीं घरगड्यासारखें वागवीत. कारखाना कारागिराकडेच सोंपवून पाहिला, तर तो आपल्या नफ्याकडे पाही आणि शिक्षण मागें पडे. या ठेचा खातखातच एक गोष्ट ध्यानीं आली. हुन्नर शिकविणारा मनुष्य मुलांचा हितचिंतकही असला पाहिजे. १८ डिसेंबर १८५९ रोजीं स्थापन झालेल्या सालेशियन संघांत याजकांबरोबर व्रतस्थ बंधूही आले. ते हातांत रंधा किंवा खिळ्यांची पेटी घेऊन मुलांच्या शेजारीं उभे राहत. १८८६ सालच्या महासभेंत संघानें उद्योगशिक्षणाचीं तीन अंगें ठरविलीं: धर्म व नीति, बुद्धीचें शिक्षण, आणि धंद्याचें शिक्षण. यांपैकीं एकही वगळून चालणार नाहीं, असा तो ठराव होता.

मुलींचा विसर पडला होता काय? नाहीं. मोर्नेसे गांवीं संत मारिया माझ्झारेल्लो ही शेतकऱ्याची कन्या १८६० सालच्या विषमज्वरानंतर शेतकामास असमर्थ झाली. तिनें खचून न जातां मैत्रिणीसह शिवणकाम शिकून घेतलें, आणि गांवच्या मुलींसाठीं शिवणशाळा उघडली. १८७२ सालीं डॉन बॉस्को यांच्या साहाय्यानें तिच्या सोबतिणींचा धर्मभगिनींचा संघ झाला. एका सुईच्या टोंकावर उभें राहिलेलें हें कार्य पुढें जगभर पसरलें.

३१ जानेवारी १८८८ रोजीं डॉन बॉस्को प्रभूच्या घरीं गेले. १ एप्रिल १९३४ रोजीं, पुनरुत्थानाच्या रविवारीं, त्यांस संतपद मिळालें, आणि १९५८ सालीं पोपमहाराज बारावे पायस यांनीं त्यांस इटलींतील उमेदवार कामगारांचे आश्रयदाते घोषित केलें. त्यांचे अनुयायी १९०६ सालीं आमच्या देशांत प्रथम उतरले, ते एके काळीं मराठी राजांची राजधानी असलेल्या तंजावर येथें. १९२८ सालीं ते मुंबईस आले. कुर्ला येथील त्यांच्या तंत्रशाळेचें नांव आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. सरकारनेंही १९५० सालीं कारागीर शिक्षणाची योजना सुरू केली, व त्यांतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. १९६१ च्या उमेदवारी कायद्यानें लेखी करार व विद्यावेतन आवश्यक ठरविलें. सुमारें एकशें दहा वर्षांपूर्वीं एका धर्मगुरूंनीं एका सुताराकडून मागून घेतलेली गोष्ट आमच्या देशांत कायदा झाली.

तर मग आमच्यासाठीं आतां काय उरलें? शाळा आहेत, संस्था आहेत, कायदा आहे. उरली आहे ती सही. आमच्या धर्मग्रामांत गवंडी आहेत, सुतार आहेत, वीजतंत्री आहेत, मोटारदुरुस्ती करणारे आहेत, कचेऱ्यांत मोठ्या हुद्द्यांवर असलेले सज्जन आहेत. ओट्यावर बसलेला मुलगा त्यांच्या दारावरून रोज जातो. त्यास कामावर नेऊन ‘हा आमचा मुलगा, याच्याबद्दल आम्ही उत्तर देऊं’ असें म्हणणारें माणूस त्यास हवें आहे. तसेंच, हातानें काम करणाऱ्या मुलास लेखणी चालविणाऱ्या भावापेक्षां कमी लेखण्याची आमची जुनी खोडही आम्हीं टाकिली पाहिजे. आमच्या प्रभूनें नाझरेथ येथें सुताराच्या घरीं आपल्या आयुष्याचीं बहुतेक वर्षें घालविलीं, हें आम्ही दर नाताळांत ऐकतों, आणि मुलाच्या हातीं करवत दिसतांच विसरतों.

पुढील महोत्सवाच्या वेळीं जे कोणी ही स्मरणिका लिहितील, त्यांस देवमंदिराच्या नव्या रंगाबरोबर आणखी एक नोंद करितां यावी, अशी आमची इच्छा आहे. ती अशी कीं, या धर्मग्रामांतील एकही मूल जामीन नाहीं म्हणून कामावांचून राहिलें नाहीं. संत योसेफ कामगार व संत योहान बॉस्को यांच्या मध्यस्थीनें दयाघन परमेश्वर आमच्या हातून तें घडवून आणो.