काठ, छाप आणि आमच्या भिंती

गेल्या वर्षी भाच्याच्या नव्या घराच्या गृहप्रवेशासाठी इंदापूरला गेलो होतो. त्रिसरण-पंचशील झाले, बुद्धवंदना झाली, भन्तेजींचे भोजनदान आटोपले आणि मग पाहुण्यांना घर दाखविण्याचा कार्यक्रम सुरू झाला. बैठकीच्या खोलीत समोरच्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब. त्यांच्याखाली सोफा. सोफ्यावर तपकिरी उश्या, आणि प्रत्येक उशीवर एकात एक गुंतलेली ‘एल’ आणि ‘व्ही’ ही इंग्रजी अक्षरे सोनेरी रंगात छापलेली. बाजूच्या भिंतीवर भले मोठे घड्याळ, त्याच्या तबकडीवर एकमेकांत अडकवलेले दोन ‘जी’. काचेच्या शोकेसमध्ये बाबासाहेबांचा अर्धपुतळा, भाच्याच्या मुलीला शाळेत मिळालेली ढाल, आणि फेरेरो रोशे या चॉकलेटचा रिकामा पारदर्शक डबा. आतली सोनेरी कागदाची गोळी न् गोळी पुन्हा वळून जशीच्या तशी मांडलेली.

“मामा, गुच्ची म्हंजी काय म्हायतीय का?” भाच्याने विचारले.

“नाही बाबा.”

“लई मोठी कंपनी हाय. आपलं फर्स्ट कॉपी हाय, पण भिंतीवर लावल्यावर कुणाला कळतंय?”

माझ्याबरोबर चळवळीतले एक जुने सहकारी होते. परतताना बारामतीच्या एस.टी.त ते म्हणाले, “यासाठी आपण लाठ्या खाल्ल्या का?” मी गप्प राहिलो. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, तरीही ते मला पटले नव्हते. घरी आल्यावर लक्षात आले, की आपल्या समाजाचे मोर्चे, परिषदा, सत्याग्रह यांचा इतिहास आपण बऱ्यापैकी लिहिला आहे; आपल्या घरांच्या भिंतींवर आणि फळ्यांवर काय होते, केव्हा आले आणि कोणी येऊ दिले नाही, याचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहिलेला नाही.

हा इतिहास बंदीपासून सुरू होतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडालांनी गावाबाहेर राहावे, प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावे आणि अलंकार घालायचे तर लोखंडाचे घालावेत, असे सांगितले आहे. म्हणजे धर्मशास्त्राने आमच्यासाठी घराची सजावटसुद्धा ठरवून ठेवली होती. महार वतनातल्या ज्या बावन्न हक्कांचा आमचे वाडवडील अभिमानाने उल्लेख करीत, त्यांत मढ्यावरच्या कापडाचा हक्क होता. आमच्या घरात आलेले पहिले बरे कापड हे असे आले. भांडी म्हणाल तर मडकी आणि गाडगी. आमच्या आज्या ती उतरंड सारवून, पोतेऱ्याने पुसून इतकी देखणी ठेवीत, की तीच घराची शोभा होती. पण ती निवडलेली शोभा नव्हे, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

बारामतीहून नीरा ओलांडली की फलटण. त्या फलटणच्या बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यांनी नोंदविलेली एक गोष्ट मला वारंवार आठवते. महार बाईने लुगडे नेसताना त्याचा काठ निऱ्यांत दडवायचा. काठ लोकांना दिसेल असे नेसणे हा वरच्या जातींच्या बायकांचा मान. लुगडे विकत घेतलेले आहे, पैसे स्वतःच्या कष्टाचे आहेत. पण काठ दिसता कामा नये! लोगो लोगो म्हणतात तो तरी दुसरे काय असतो? लोकांना दिसावा म्हणून काढलेला काठच. दिसण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न आमच्या आज्यांनी लुगड्याच्या निऱ्यांत दाबून ठेवला होता.

१९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत टाका, जात ओळखू येईल असे गळ्याहाताला जखडलेले दागिने टाका, असे सांगितले. काही टीकाकारांना हा उपदेश वरवरचा वाटतो. तो वरवरचा नव्हता. ‘जातिनिर्मूलना’च्या १९३६ च्या भाषणात त्यांनी दिलेली उदाहरणे पाहा. इंदूर संस्थानातील बलाई समाजाला गावकऱ्यांनी १९२८ च्या सुमारास फर्मावले, की सोनेरी काठाचे पागोटे बांधू नका, रंगीत काठाचे धोतर नेसू नका, बायकांच्या अंगावर सोनेचांदी नको. अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावी १९३५ च्या नोव्हेंबरात काही बऱ्या स्थितीतल्या अस्पृश्य स्त्रिया धातूच्या घागरी घेऊन पाण्याला गेल्या, म्हणून त्यांना मारहाण झाली. पाण्याचा स्पर्श हा नेहमीचा वाद होताच, पण इथे राग घागरीचाही होता. चकचकीत घागर ही त्या गावात त्या काळची चैनीची वस्तू होती आणि ती चुकीच्या डोक्यावर दिसली. हा काळ फार मागे गेला आहे असे समजू नये. २००६ साली खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसे मारली गेली. त्या कुटुंबाला पक्के घर बांधू दिले गेले नव्हते, हे त्यानंतरच्या चौकश्यांतून पुढे आले.

आता आमच्या भागाकडे येतो. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर, १८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा सुरू झाला. पाणी गेले ते जमीनवाल्यांच्या शिवारात, पण त्या पाण्याने ऊस आला आणि उसाबरोबर रोख मजुरी आली. पुढे १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना आणि त्याभोवती वालचंदनगर उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर असे सहकारी कारखाने आले. त्यांच्या राजकारणावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, मी ते इथे उगाळत नाही. मला सांगायचे ते एवढेच, की बलुत्याच्या भाकरीवर छाप नसते, पगाराच्या पैशातून आलेल्या वस्तूवर असते. लोगो हा शब्द आमच्याकडे फार उशिरा आला. ‘छाप’ आणि ‘मार्का’ हे शब्द मात्र आजोबांच्याही तोंडी होते. दुकानदार पुडी वरून टाकी, नाण्यांवर पाणी शिंपडून ती उचली. पण साबणाच्या वडीवरची छाप पाटलाच्या घरी आणि महारवाड्यात सारखीच असे. तिच्यात महाराची वडी वेगळी नव्हती. याचे अप्रूप ज्यांना कधी वाटले नाही, त्यांना ते समजावून सांगणे अवघड आहे.

वस्तूच्याही आधी आमच्याकडे तिची छाप आली, ही यातली मौज. रविवर्म्याने १८९४ मध्ये गिरगावात छापखाना काढला, तो पुढे आपल्याच पुणे जिल्ह्यात मळवलीला हलला. त्या छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वती रंगीत कागदावर घरोघर गेल्या. ज्या देवतांच्या देवळाची पायरी आम्हाला बंद होती, त्या कागदावरून आमच्या भिंतीवर आल्या, पुष्कळदा खाली कुठल्या तरी साबणाचे नाव मिरवीत. देवाला वाट कंपन्यांच्या जाहिरातींनी करून दिली! १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत लीला चिटणीस आल्या आणि भिंतीवर देवींच्या शेजारी नट्या बसू लागल्या. पुढे १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात धर्मांतर झाले आणि आमच्या भिंतींवरची सर्वांत मोठी उलथापालथ झाली. देव उतरले. खिळे तेच राहिले, कित्येक घरांत चौकटीही त्याच राहिल्या. त्यांत बाबासाहेब आणि बुद्ध आले. नट्या मात्र बराच काळ जागच्या हलल्या नाहीत.

माझे वडील साखर कारखान्यात कायम कामगार होते. आमच्या धाब्याच्या घरात रेडिओ नव्हता, पण मर्फी रेडिओच्या कॅलेंडरवरचे बाळ होते. डालडा आम्ही सणावारी छटाक-अर्धपाव आणीत असू. डालड्याचे पिवळे डबे मात्र फळीवर पाच होते, दुकानातून रिकामे विकत आणलेले. आई ते राखेने घासून, हिरवे ताडाचे झाड समोर येईल असे ओळीने मांडी. झाडावर पोचा आलेला डबा मागे जाई. तिला अक्षर येत नव्हते, पण छाप सरळ लावण्याबद्दल ती फार काटेकोर होती. १९७३ च्या आसपास वडिलांनी हप्त्यावर रेडिओ घेतला. आठवड्याच्या आत गावातले एक वजनदार गृहस्थ वस्तीच्या तोंडाशी थांबून म्हणाले, “आवाज लई वाढलाय तुमचा.” ते रेडिओविषयी बोलत होते असे वडिलांनी आम्हा मुलांना सांगितले.

तेव्हा भाच्याच्या शोकेसमधल्या त्या सोनेरी गोळ्या पाहून मला हसू आले नाही. फेरेरो या इटालियन कंपनीचा कारखाना २०११ मध्ये बारामतीच्या एमआयडीसीत सुरू झाला. जगभर श्रीमंतीची भेट म्हणून दिले जाणारे चॉकलेट आमच्या माळावर वळले जाते आणि त्याचा रिकामा डबा आमच्या शोकेसमध्ये डालड्याच्या जागी बसतो. आई असती तर तिनेही तो असाच मांडला असता.

पण त्या उश्यांवरच्या अक्षरांचा इतिहास मी नंतर मुद्दाम वाचला आणि तो वाचून मी थक्क झालो. ‘एल-व्ही’ म्हणजे लुई व्हितों. खेड्यातून पायी पॅरिसला आलेला पोरगा, लोकांचे सामान पेट्यांत भरून देण्याचे काम करणारा. १८५४ मध्ये त्याने स्वतःचे पेट्यांचे दुकान काढले. त्याच्या मुलाने १८९६ मध्ये ही गुंतलेली अक्षरे तयार केली, ती लोकांनी नक्कल करू नये म्हणून! नक्कल थांबविण्यासाठी काढलेली छाप आज जगातल्या सर्वांत जास्त नक्कल होणाऱ्या छापांपैकी एक आहे आणि इंदापूरच्या सोफ्यावर बसली आहे. गुच्चीचा संस्थापक लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात पाहुण्यांचे सामान उचलणारा नोकर होता. १९२१ मध्ये त्याने फ्लॉरेन्सला चामड्याच्या वस्तूंचे दुकान घातले. एर्मेसची सुरुवात १८३७ ची, घोड्यांचे खोगीर-लगाम करणाऱ्या कारागिराची. हमाल, खोगीरवाला, चामडे शिवणारा. आमच्या भाषेत सांगायचे तर हे सगळे आमच्याच वाड्यातले लोक. युरोपातही कातडी कमावणाऱ्याला वासामुळे गावाच्या कडेला ढकलीत, ते काही सोवळे नव्हते. पण तिथे चामडे शिवणाऱ्याचे आडनाव वस्तूवर सोन्याने उमटू शकले. आमच्याकडे चांभार, ढोर, मांग ही नावे वस्तूवर कधी उमटली नाहीत. ती शिवी म्हणून तोंडावर मारली गेली. पायताण पाटलाचे म्हणून ओळखले जाई, ते शिवणाऱ्याचे म्हणून नव्हे.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला मांडल्या. इथे ओरड झाल्यावर, त्या कोल्हापुरी चपलांवरून सुचल्या हे तिने कबूल केले. वर्तमानपत्रांनी तो भारताचा अपमान, महाराष्ट्राचा अपमान म्हणून रंगविला. ज्याचा हात त्या कातड्यावर चालतो, त्या चर्मकाराचे नाव पिढ्यान् पिढ्या चपलेवर का नव्हते, हे विचारणारे थोडे होते. मुंबईत सुधीर राजभर या तरुणाने आपल्या पिशव्यांच्या उद्योगाला ‘चमार’ हेच नाव दिले. ज्या नावाने हिणवले गेले तेच त्याने छाप म्हणून मिरविले. मला ते धाडस कवितेइतकेच मोलाचे वाटते.

माझ्या सहकाऱ्याच्या रागातला खरा भाग मी नाकारीत नाही. भाचा एका कंपनीत कंत्राटावर आहे. त्याची नोकरी दर काही महिन्यांनी नव्याने सुरू होते आणि सोफ्याचे हप्ते मात्र कायम आहेत. घरभर फिरलो, पुस्तकांचे कपाट दिसले नाही. बाबासाहेबांना उत्तम सूट आवडत, उत्तम पेने आवडत. पण दादरला त्यांनी राजगृह बांधले ते ग्रंथांसाठी, हे त्याला मी सांगितले आणि तो ओशाळला. एवढे बोलण्याचा मामा म्हणून मला अधिकार आहे. ज्यांना तो नाही त्यांचे काय? पुण्याकडच्या काही बंगल्यांत अलीकडे मी मातीच्या मडक्यांची उतरंड शोभेसाठी मांडलेली पाहिली आहे, सारवल्यासारखा रंग दिलेल्या भिंतीपाशी, वरून खास दिवा सोडलेला. तीच मंडळी आमच्या पोरांच्या सोनेरी घड्याळाला भडक म्हणतात, मातलेपणाचे लक्षण म्हणतात. ज्यांच्या घरी सात पिढ्या तांब्यापितळेची घंगाळी होती, त्यांना मडक्याची हौस परवडते. आमचे मडके अजून हौसेचे व्हायचे आहे.

निघण्यापूर्वी बहिणीने मला स्वयंपाकघरात नेले. नव्या ओट्याखाली जागा नाही म्हणून जुनी भांडी माळ्यावर टाकली होती. त्यांत आईने तिच्या लग्नात दिलेला स्टीलचा हंडा होता. भांड्यांच्या दुकानात यंत्राने टिंबाटिंबांची अक्षरे घालून देतात, तशी त्याच्या गळ्याशी आईचे नाव, गावाचे नाव आणि १९७५ हे साल. आमच्या घरात आमच्या नावाची छाप असलेली ती पहिली वस्तू असावी. भाच्याने तो खाली काढला, बोटाने पुसला, अक्षरे लावून वाचली आणि विचारले, “हे आज्जीनं मुद्दाम घालून घेतलं व्हतं?”

“मग?” बहीण म्हणाली, “अक्षरामागं चार आणं जादा दिलं व्हतं तिनं. तू मोडीत घालाया निघाला व्हतास.”