मुरबाडचा मांडव आणि गिरगांवचा वाडा

तानसा तलावाच्या आसपासच्या शहापूर तालुक्यांत व त्यास लागून असलेल्या मुरबाडांत घर लहान असो वा मोठें, अंगणाला सावली ही लागतेच. उन्हाळा चढूं लागला कीं सारवलेल्या अंगणांत मेढी, म्हणजे टोंकाशीं दुफांटा असलेले खांब, रोवावयाच्या. त्यांवर आडवे वासे, वासांवर बांबूच्या काठ्या आणि सर्वांवर पाला किंवा भाताचा पेंढा पसरावयाचा. दुपारनंतरचें ऊन पश्चिमेकडून तिरपें येतें, म्हणून त्या बाजूस मांडव उतरता असलेला बरा. पाल्याच्या थरांतून तापलेली हवा वर निघून जाते. पत्रा मात्र स्वतः तापून खालच्या माणसावर उष्णता ओततो. शहरांतील हौशी घरमालक परसदारच्या ओट्यावर पत्रा ठोकतात आणि मग पंख्याखालीं बसून उन्हाळ्याला दोष देतात! असो.

याच मुलखांत, मुरबाड येथें, १० फेब्रुवारी १८०३ रोजीं जगन्नाथ शंकरशेट यांचा जन्म झाला. मुंबईकरांचे ते नाना. गिरगांवांत त्यांचा वाडा होता. त्या काळीं राजकीय पक्ष नव्हते, लोकांच्या मालकीचीं सभागृहें नव्हतीं. ज्याच्या पदरीं प्रशस्त वाडा, त्याच्याच छायेंत सार्वजनिक कार्यास आसरा मिळे. नानांनीं तो किती मोकळ्या हातानें दिला, याची खरी साक्ष मुलींच्या शाळेची आहे.

एल्फिन्स्टन संस्थेंतील तरुण विद्यार्थ्यांनीं १८४८ सालीं एक ज्ञानप्रसारक सभा स्थापिली आणि पुढील वर्षीं मुलींच्या शाळा काढल्या. हे तरुण स्वतःचा अभ्यास संभाळून सकाळीं विनावेतन शिकवीत. शिकवणारे होते, पण मुली आणावयाच्या कोठून? मुलगी शिकली म्हणजे घर बुडालें, अशी समजूत घरोघर होती. अशा वेळीं नानांनीं आपल्या गिरगांवच्या आवारांत शाळेस जागा दिली. नाना देवधर्म पाळणारे, ज्ञातींत मान असलेले सावकार. अशा गृहस्थाच्या दारीं मुली पाटी घेऊन बसतात, हें पाहिल्यावर पुष्कळ आईबापांची भीति ओसरली असेल. नुसत्या व्याख्यानांनीं तें होणें कठीण होतें. आणि निंदा झालीच असती तर ती प्रथम त्या वाड्याच्या वांट्यास आली असती.

पुढें १८५२ सालीं बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तींत नाना अग्रभागीं होते. मुंबईहून ठाण्यास १६ एप्रिल १८५३ रोजीं पहिली आगगाडी धांवली. त्या उद्योगाच्या पुरस्कर्त्यांतहि ते होतेच. दोनच वर्षांनीं ती वाट शहापूर तालुक्यांतील वासिंदपर्यंत पोंचली. १८६२ सालीं त्यांची मुंबईच्या कायदे कौन्सिलांत नेमणूक झाली आणि ३१ जुलै १८६५ रोजीं त्यांचें देहावसान झालें. तानशाचें पाणी मुंबईस पोंचलें तें १८९२ सालीं; तें पाहण्यास नाना नव्हते.

शिक्षण मंडळांत असतांना त्यांनीं सर अर्स्किन पेरी यांच्या इंग्रजीच्या आग्रहास विरोध केला आणि सामान्य रयतेस ज्ञान मिळावयाचें तर तें देशी भाषेंतूनच, असा पक्ष धरला. मॅट्रिकच्या कित्येक पिढ्यांस मात्र त्यांचें नांव प्रथम कानीं आलें तें संस्कृतच्या शिष्यवृत्तीमुळें!