उमेदवारी: गिरणीत मॅनेजर कसा तयार व्हायचा?

आज 'उमेदवार' म्हटलं की निवडणूक नाहीतर मुलाखत आठवते. पूर्वी मराठीत उमेदवारी करणं म्हणजे बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर काम शिकत राहणं, पुढे कधीतरी नोकरी पक्की होईल या उमेदीवर. वकिलाकडे, कचेरीत, कारखान्यात लोक अशी उमेदवारी करायचे.

एम.एस्सी.नंतर मी तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळले, तेव्हा माझा प्रश्न साधा होता: मुंबईच्या कापडगिरण्या चालवणारी माणसं शिकली कुठे? व्यवस्थापनाची कॉलेजं तर तेव्हा नव्हतीच. मी कागदपत्रांत 'प्रशिक्षण' शोधत बसले आणि हाती फारसं काही लागलं नाही. 'कोण कोणाच्या हाताखाली काम करत होतं' असा प्रश्न बदलून विचारल्यावर मात्र चित्र दिसायला लागलं.

1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी उभारायला घेतली. यंत्रं इंग्लंडहून आली आणि ती चालवणारे बरेचसे मास्तर लँकेशायरहून. त्यांच्या हाताखाली काम करून इथली माणसं हळूहळू वरच्या जागांवर पोचली. 1887 मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आपलं व्हीजेटीआय, सुरू झालं आणि या वाटेला वर्गातल्या शिक्षणाची जोड मिळाली.

नागपूरचं उदाहरण मला फार आवडतं. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. तिचे मॅनेजर बेझनजी मेहता आले होते रेल्वेतून. कापडाचा अनुभव नव्हता. तांत्रिक बाजू जेम्स ब्रुक्सबी सांभाळायचे. म्हणजे मॅनेजरसाहेब स्वतःच काम करता करता शिकले! पुढे पदवीधर तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन कारभारात तयार करण्याची पद्धतही या गिरणीत आली.

इथपर्यंत गोष्ट छान वाटते. आता खाली, खात्यात उतरू.

गिरणीत दुसरीही एक शिडी होती. कोकणातून, घाटावरून आलेला पोरगा गाववाल्याच्या किंवा नातेवाइकाच्या साच्याशेजारी उभा राहून विणकाम शिकायचा. बदली म्हणून लागायचा, मग कायम व्हायचा आणि नशीब असेल तर जॉबर. जॉबर म्हणजे मुकादम: माणसं भरणं, कामाला लावणं, वेळप्रसंगी काढून टाकणं, सगळं त्याच्याकडे. त्यासाठी तो दस्तुरीही घ्यायचा. आजच्या भाषेत हे व्यवस्थापनच झालं. पण ही शिडी साधारणपणे जॉबरपाशी संपायची. मॅनेजरच्या शिडीची पहिली पायरी शिक्षण, इंग्रजी आणि ओळखीपाळखी यांच्या उंचीवर होती. तिथून खात्यात उतरता यायचं, खात्यातून तिथे चढणं मात्र अवघड.

आणि काहींना ही खालची शिडीही बंद होती. धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडाने ओढून बाहेर काढावं लागायचं. उष्ट्याचं कारण पुढे करून अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात येऊ दिलं जात नसे, आणि जास्त पगार त्याच खात्यात. 1928 च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हे खातं खुलं करण्याची मागणी लावून धरली. एरवी ती पगाराची मागणी वाटते. मला ती शिकण्याच्या जागेचीही मागणी वाटते. साच्याशेजारी उभंच राहू दिलं नाही, तर माणूस शिकणार कुठे? आणि विणकर न होता विणकाम खात्याचा जॉबर कसा होणार?

'काम करत शिका' हे सगळ्यांसाठी खुलं धोरण वाटतं. पण शाळेला निदान प्रवेशाचा नियम असतो, त्यावर भांडता येतं. उमेदवारीचा दरवाजा बहुतेक वेळा ओळखीने उघडतो आणि न उघडल्याची नोंदही कुठे होत नाही.

म्हणून संशोधनाची तयारी करणाऱ्यांना एवढंच सांगेन: कौशल्याचा इतिहास शोधताना फक्त अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्रं पाहू नका. पगारपत्रकं, चौकशी समित्यांपुढच्या साक्षी, संपाच्या मागण्या वाचा. कोण शिकलं हे तिथे सापडतंच. कोणाला शिकू दिलं नाही, हेही बऱ्याचदा तिथेच सापडतं.