भाड्याच्या बोटीची साक्ष

समुद्रात मासे किती उरलेत हे मोजायला सरकारकडे स्वतःची संशोधन-जहाजे असताना मासेमारांचीच बोट भाड्याने का घ्यावी? स्वस्त पडते म्हणून, असे उत्तर सहसा मिळते. ते खोटे नाही, पण या प्रथेचे मूळ एका भांडणात आहे. १८८० च्या दशकात स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर गळाने मासे धरणारे आणि वाफेच्या ट्रॉलरवाले एकमेकांविरुद्ध उभे ठाकले होते. ट्रॉलरचे जाळे तळ खरवडते, पिल्ले मारते, अशी गळवाल्यांची तक्रार होती. १८८३ मध्ये डलहौसीच्या अर्लच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला आणि त्याच्यासाठी सेंट अँड्र्यूजचे प्राध्यापक विल्यम मॅकिन्टॉश १८८४ मध्ये धंद्याच्या ट्रॉलरवर जाऊन जाळ्यात काय येते ते नोंदवू लागले. ज्या जाळ्यावर आरोप, त्याच जाळ्यातून पुरावा निघणे भाग होते. पुढे १८८६ मध्ये स्कॉटलंडच्या मत्स्य मंडळाने ‘गारलँड’ ही छोटी वाफेची नौका घेऊन किनाऱ्याजवळच्या पाण्यात वर्षानुवर्षे मोजणी केली. पण एवढ्याशा नौकेच्या जाळ्यावरून मोठ्या ट्रॉलरांच्या समुद्राबद्दल किती बोलावे, हा आक्षेप तिच्या आकड्यांना चिकटून राहिला. मॅकिन्टॉश यांनी १८९९ मध्ये त्या आकड्यांचा आधार घेऊन समुद्रातला मासा आटत नसल्याचे मांडले, आणि १९०० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ वॉल्टर गार्स्टँग यांनी व्यापारी मासेमारीच्या नोंदींवरून नेमके उलटे दाखवले. १९०२ मध्ये समुद्र-संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली, तेव्हा इंग्लंडच्या वाट्याच्या कामासाठी सागरी जीवशास्त्रज्ञ जॉर्ज बिडर यांनी एक ट्रॉलर विकत घेऊन सागरी जीवशास्त्र संघटनेला भाड्याने दिला. त्याचे नाव ‘हक्सले’. स्कॉटलंडनेही १९०३ मध्ये ‘गोल्डसीकर’ ही धंद्याची बोट कामाला लावली.

इथे एक आक्षेप रास्त आहे. बोट मासेमाराची, तर मोजणीही त्याच्या हिताची होणार नाही का? न्यूफाउंडलंडचा कॉड पाहिला की या शंकेचे वजन कळते. तिथे साठ्याचा अंदाज बांधताना ज्यांचे आकडे धरले जात त्या मोठ्या ट्रॉलरांची पकड भरघोस राहिली, कारण तांडेल जिथे मासा दाटला आहे तिथेच जाळे टाकतो. साठा घटत गेला तरी उरलेले थवे त्याला सापडत राहिले. किनाऱ्यावरचे छोटे मच्छीमार १९८० च्या दशकातच धोका सांगत होते, आणि २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद करावी लागली. पण हा दोष बोटीचा नव्हता. जागा निवडण्याच्या अधिकाराचा होता. भाडेकरारात तोच अधिकार काढून घेतला जातो, आणि माझ्या मते या पद्धतीचा खरा शोध हाच आहे. पूर्व बेरिंग समुद्रात १९८२ पासून भाड्याच्या बोटी २० सागरी मैलांच्या चौकटीतल्या ठरलेल्या ठिकाणी जातात. मासा असो वा नसो, ठरलेले जाळे अर्धा तास, ताशी ३ सागरी मैलांच्या वेगाने ओढतात. रिकामे जाळेही तिथे नोंद असते. धंद्यात ते फक्त वाया गेलेले डिझेल. तांडेलाचा हात, इंजिन, वारा-प्रवाहाची जाण एवढे शास्त्रज्ञ घेतात, त्याचा लोभ घेत नाहीत. बोट बदलली की पकड बदलते, ही अडचण मात्र खरीच आहे. जाळ्यावरच्या संवेदकांनी ते किती उघडले हे मोजून आणि आकडेशास्त्रात बोटीचा परिणाम वेगळा काढूनही ती पूर्ण मिटत नाही.

सरकारी जहाजाला असा दोष नसतो, हे गृहीतही टिकत नाही. २००२ मध्ये न्यू इंग्लंडच्या मच्छीमारांच्या दडपणामुळे उघड झाले की ‘अल्बाट्रॉस ४’ या सरकारी जहाजाचे जाळे ओढणाऱ्या दोन दोरांवरच्या लांबीच्या खुणा असमान होत्या. निष्कर्षांवर मोठा परिणाम झाल्याचे नंतरच्या चाचण्यांत दिसले नाही. तरी विश्वास गेला तो गेलाच. म्हणून पुढचे जाळे मच्छीमार आणि शास्त्रज्ञ यांच्या संयुक्त मंडळाने ठरवले. २००९ मध्ये या मोजणीवर आलेले नवे सरकारी जहाज ‘बिगेलो’ पाण्यात खोल बसणारे, उथळ पाण्यात जाऊ न शकणारे. किनाऱ्याजवळची ती पट्टी, केप कॉडपासून केप हॅटरसपर्यंत, २००७ पासून ‘डाराना आर’ ही मासेमारी बोट मोजू लागली, त्याच घडणीचे जाळे घेऊन.