रॉन वॉशिंग्टन : स्वतः फारसे गाजले नाहीत, पण गोल्ड ग्लव्ह विजेते घडवले

'मनीबॉल' सिनेमा पाहिला असेल तर हा प्रसंग आठवेल. ऑकलंड ॲथलेटिक्सचे लोक स्कॉट हॅटबर्गच्या घरी जातात. कोपराच्या दुखापतीमुळे त्याचं कॅचर म्हणून करिअर संपल्यात जमा आहे. जनरल मॅनेजर म्हणतो, फर्स्ट बेसवर खेळणं सोपं आहे. सोबतचा कोच तिथल्या तिथे सांगतो की ते प्रचंड अवघड आहे. तो कोच म्हणजे रॉन वॉशिंग्टन. माणूस खरा आहे.

खेळाडू म्हणून कसे होते?

जन्म 1952, न्यू ऑर्लिन्स. ते इनफिल्डर होते, म्हणजे बेसच्या आसपास उभं राहून जमिनीवरून वेगाने येणारे चेंडू अडवणारे. 1970 मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सने त्यांना करारबद्ध केलं, पण मेजर लीगमध्ये पहिला सामना मिळाला 1977 मध्ये, डॉजर्सकडून. पुढच्या संधीसाठी 1981 उजाडलं. 1989 पर्यंत पाच संघांकडून मिळून 564 सामने, सरासरी .261. बस्स.

मग नाव कशामुळे झालं?

शिकवण्यामुळे. 1996 पासून ते ऑकलंडमध्ये कोच होते. त्यांचा सराव साधा असतो: खेळाडूला गुडघ्यांवर बसवायचं, हातात अगदी छोटा ग्लव्ह द्यायचा आणि जवळून टप्पा पडणारे चेंडू मारायचे. पाय वापरता येत नाहीत, त्यामुळे हातांनाच शिकावं लागतं. हे रोज, सामन्याच्या आधी.

ऑकलंडच्या एरिक चावेझने 2001 ते 2006 सलग सहा वेळा उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार जिंकला. त्यातला एक त्याने वॉशिंग्टन यांनाच देऊन टाकला. 2015 मध्ये शॉर्टस्टॉप मार्कस सेमियनच्या 35 चुका झाल्या. त्याच मोसमात वॉशिंग्टन ऑकलंडला परतले आणि त्याच्यामागे लागले. पुढच्या वर्षी चुका 21 वर आल्या. 2021 मध्ये सेमियनलाही गोल्ड ग्लव्ह मिळाला, सेकंड बेसवर.

मोठं यश आणि मोठी चूक

2007 ते 2014 ते टेक्सास रेंजर्सचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक होते. 2009 च्या चाचणीत कोकेन सेवन उघड झालं. त्यांनी चूक कबूल केली, राजीनामा देऊ केला, पण संघाने त्यांना ठेवलं. 2010 मध्ये रेंजर्स इतिहासात पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीजला पोहोचले. 2011 मध्ये पुन्हा. त्या वर्षी जेतेपद दोनदा फक्त एका स्ट्राइकवर होतं, पण सेंट लुईसने ते हिसकावलं.

वर्ल्ड सिरीज अखेर मिळाली 2021 मध्ये, अटलांटा ब्रेव्ह्जचे थर्ड बेस कोच म्हणून. नोव्हेंबर 2023 मध्ये, वयाच्या 71व्या वर्षी, लॉस एंजेलिस एंजल्सने त्यांना मॅनेजर नेमलं. जून 2025 मध्ये प्रकृतीमुळे त्यांना रजेवर जावं लागलं.

त्यांच्या नावावर खेळाडू म्हणून फक्त 564 सामने आहेत. पण चावेझ आणि सेमियन यांनी अडवलेल्या चेंडूंत त्यांचाही वाटा आहे. तो कुठल्याही स्कोअरकार्डवर दिसत नाही.