खरा काटा



आजच्या गोष्टीची सुरुवात आमच्या शाळेतून करतो. काही वर्षांपूर्वी मुलांची आरोग्यतपासणी झाली. त्या दिवशी शाळेचा जुना काटा मिळाला नाही, म्हणून कुणीतरी घरचा काटा आणला. तपासणी उरकली, आकडे वहीत चढले, आणि दुसऱ्याच दिवशी पाचवीतल्या एका मुलीची आई दारात उभी राहिली. म्हणाली, "गुरुजी, पोरगी दोन वेळा पोटभर जेवती, खेळती, मग वजन दोन किलोनं उतरलं कसं? काही रोग तर नाही ना?"

मी वही उघडली. पाहतो तो, एकट्या तिच्याच मुलीचं नव्हे, साऱ्या वर्गाचं वजन उतरलेलं! मग आमच्या एका जुन्या शिक्षकांनी शक्कल लढवली. रेशन दुकानातून सरकारी छाप असलेलं वीस किलोचं लोखंडी वजन उचलून आणलं आणि त्या काट्यावर ठेवलं. काटा दाखवू लागला सव्वाअठरा! पोरगी उतरली नव्हती. काटाच उतरला होता.

त्या माउलीची एक रात्र मात्र काळजीत गेली. तेव्हापासून मला या विषयाचं कुतूहल लागलं. माणसाला तोलायची कल्पना निघाली कशी, आणि खरा काटा ओळखावा कसा?

धान्य, सोनं, कापूस यांची तोलामापी फार जुनी. माणूस तोलायचा तो मात्र आपल्याकडे दानासाठी. एका पारड्यात राजा, दुसऱ्यात सोनं. हीच तुला, हेच तुलादान. हंपीला गेलात तर विजयनगरच्या राजांची तुला म्हणून दाखवतात ते दोन उंच दगडी खांब आणि त्यांवरची आडवी तुळई अजून पाहायला मिळते. आपल्या रायगडावर 1674 सालच्या जून महिन्यात राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन त्या वेळी गडावर होता. महाराज सुमारे 16,000 होनांनी तोलले गेले, अशी त्याची नोंद आहे. आता पाहा, वजन मोजलं ते होनांत! कारण प्रश्न प्रकृतीचा नव्हताच. किती सोनं वाटायचं, एवढाच प्रश्न होता.

मोगलांच्या दरबारात मात्र या चालीला एक वेगळं वळण लागलं. बादशहा जहांगीर आपल्या वाढदिवशी तुलेत बसे. इंग्रज वकील सर टॉमस रो याने हा सोहळा 1617 साली मांडूच्या किल्ल्यात पाहिला. रोबरोबर एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. त्यानं लिहून ठेवलंय की बादशहाचे वैद्य दरसालच्या वजनाची नोंद ठेवीत आणि तिच्यावरून त्याच्या प्रकृतीचा अंदाज बांधीत. मात्र मनात काहीही असो, तोंडानं बोलत ते गोडच! म्हणजे तुला खरी होती, नोंदही ठेवलेली होती. पण ती नोंद वाचून दाखवणारी जीभ खरी नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

याच काळात तिकडे इटलीत पादुआ शहरी सांतोरिओ सांतोरिओ नावाचा एक वैद्य होता. नाव आणि आडनाव एकच! यानं काय करावं? छताला एक भली मोठी दांडी टांगली, तिला खुर्ची अडकवली, आणि स्वतःच त्या खुर्चीत बसला. जेवणाआधीचं वजन, जेवणानंतरचं वजन, अन्नाचं वजन, पाण्याचं वजन, मलमूत्राचंसुद्धा वजन. हा उद्योग आपण तीस वर्षं केला, असं तो सांगतो. त्याचं पुस्तक 1614 साली निघालं.

त्याला आढळलं काय? दिवसभरात आठ पौंड अन्नपाणी पोटात गेलं, तर त्यातलं साधारण पाच पौंड न दिसता निघून जातं. ना घाम दिसतो, ना आणखी काही. श्वासावाटे आणि कातडीवाटे शरीर सारखं हलकं होत असतं. त्याच्या सगळ्याच कल्पना पुढे टिकल्या नाहीत. पण रोगी आणि निरोगी शरीर आकड्यांनी समजून घ्यायची वाट त्यानं घातली.

आपल्यासाठी यातला धडा सोपा आहे. वजन ही दगडावरची रेघ नव्हे. तांब्याभर पाणी प्यालं की तेवढ्यानं काटा चढतो, शेतात घाम गाळला की उतरतो. एका दिवसातच किलो-दीड किलोचा फरक सहज पडू शकतो. म्हणून सकाळचं वजन रात्रीच्या वजनाशी ताडून पाहणं म्हणजे ओल्या ज्वारीचं माप वाळलेल्या ज्वारीशी लावणं. सांतोरिओचं खरं शहाणपण त्याच्या खुर्चीत होतं. खुर्ची तीच, दांडी तीच, माणूसही तोच!

आता काट्याच्या पोटात शिरू. तराजूत आपण एका वजनाशी दुसरं वजन ताडून पाहतो. पण 1678 साली इंग्लंडातल्या रॉबर्ट हूकनं स्प्रिंगचा नियम छापून प्रसिद्ध केला. ओढ दुप्पट तर ताण दुप्पट. झालं! आता दुसऱ्या पारड्याची गरज उरली नाही. स्प्रिंग किती ताणली ते पाहायचं. पुढे 1831 साली अमेरिकेत थॅडियस फेअरबँक्स यानं तरफांचा काटा काढला. त्याला अंबाडीसारख्या तागाच्या गाड्या तोलायच्या होत्या. फळीखाली तरफांची अशी जुळणी, की वर मोठा बोजा असला तरी दांडीवरचं लहानसं वजन त्याला पुरून उरावं. आडत्याच्या दुकानातला पोत्यांचा काटा आणि दवाखान्यातला सरकत्या वजनाचा उभा काटा हे त्याच कुळातले.

घरचा चपटा काटा म्हणजे तरफ आणि स्प्रिंग यांचा संसार. आपण वर उभे राहिलो की आतल्या तरफा दबतात, स्प्रिंग ताणते, आकड्यांची तबकडी फिरते. स्वस्त आणि सुटसुटीत. पण स्प्रिंग म्हातारी होते, गंजते, आणि शून्य आपल्या जागेवरून सरकतं. आमच्या शाळेत आलेला काटा याच जातीचा.

अलीकडच्या काट्याला सेल लागतो आणि आकडे उजेडात उमटतात. त्याचं मूळ 1938 सालातलं. त्या साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी स्वतंत्रपणे एक युक्ती शोधली. बारीक तार धातूच्या तुकड्याला चिकटवली, की तो तुकडा किंचित वाकताच तार ताणली जाते आणि तिच्यातून वीज जायला जरा जास्त अडथळा होतो. तो अडथळा मोजला की बोजा कळला. आजच्या काट्याच्या चार कोपऱ्यांत अशाच पट्ट्या असतात.

मुंबईच्या जुन्या स्टेशनांवर रंगीत दिव्यांचं वजनयंत्र असे, ते वडीलधाऱ्यांना आठवत असेल. नाणं टाकायचं, दिवे लुकलुकायचे आणि जाड कागदाचं तिकीट खटकन बाहेर पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. ते भविष्य बहुधा गोडच असायचं! जहांगीराचे वैद्य जणू त्या यंत्रात येऊन बसले होते. आपल्यालाही गोड बोलणारा काटा आवडतो. दोन किलो कमी दाखवतो तो चांगला, जास्त दाखवतो तो बिघडलेला. अशानं खरा काटा घरात टिकायचा कसा?

आता किलोविषयी दोन शब्द. आपल्या आजोबांना शेर आणि मणच ठाऊक. नाजूक माणसाला आपण अजूनही "तोळामासा प्रकृती" म्हणतो. पूर्वी मुलूख बदलला की शेर बदले, मण बदले. 1956 साली कायदा झाला, 1958 सालापासून किलो बाजारात आला, आणि देशभर एकच माप झालं. त्या किलोचा मूळ गोळा 1889 सालापासून पॅरिसजवळ सांभाळलेला. प्लॅटिनम-इरिडियमचा तो ठोकळा; त्याची 57 क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. 20 मे 2019 पासून किलोची व्याख्या ठोकळ्यावर न ठेवता निसर्गातल्या एका स्थिरांकावर ठेवली गेली. पण रेशन दुकानातल्या वजनावरचा छाप त्याच परंपरेतला आहे, आणि आमच्या काट्याचं खोटं पकडलं ते त्या छापानंच.

मग काटा घ्यायचा तर कसा पारखावा? दुकानातच पारखावा. पहिलं, रिकामा असताना शून्य दाखवतो का? दुसरं, छापाचं वजन ठेवून पाहावं. ते नसेल तर खात्रीच्या मापानं पाणी मोजावं. लिटरभर पाणी म्हणजे एक किलोच धरा. रिकामी कळशी आधी तोलून घ्यावी, मग वीस लिटर पाणी भरावं. फरक वीस किलोचा यायला हवा. तिसरं, तेच वजन मध्यावर, मग कडेला ठेवून पाहावं. चौथं, पुनःपुन्हा तोलावं. इथे एक मेख आहे. विजेचे काही काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात आणि फरक थोडा असला की तोच आकडा पुन्हा दाखवतात. आपण म्हणतो, काय एकसारखा काटा! म्हणून दोन खेपांच्या मध्ये काहीतरी वेगळंच तोलावं. आणि काटा शंभर ग्रॅम दाखवतो, म्हणजे शंभर ग्रॅमपर्यंत खरा असतोच असं नाही.

घरी आणल्यावर तो फरशीवर किंवा सपाट फळीवर ठेवावा. सतरंजीवर किंवा उंचसखल जमिनीवर तो चुकतो. वजन सकाळी, पोट मोकळं झाल्यावर, न्याहारीपूर्वी, साधारण तेवढ्याच कपड्यांत करावं. रोजच्या आकड्यानं घाबरू नये. आठवड्यांची चाल पाहावी. काटा अर्धा किलो कायम जास्त दाखवत असेल, तरी चढ-उतार तो बरोबर सांगेल. पण आज जास्त, उद्या कमी असा लहरी काटा कितीही महागाचा असला तरी कामाचा नाही.

हे सारं मुलांच्या बाबतीत तर फारच महत्त्वाचं. नायजेरियातल्या खेड्यांत काम करताना डेव्हिड मॉर्ले या इंग्रज डॉक्टरनं लहान मुलांच्या वजनाचा तक्ता आईच्या हाती दिला. महिन्यामहिन्याला एक टिंब, टिंबांची एक रेघ. रेघ चढती तर मूल वाढतंय. रेघ आडवी झाली की मूल आजारी दिसायच्या आधीच सावध व्हावं. आपल्याकडे 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि असाच तक्ता अंगणवाडीत आला. टांगत्या काट्याच्या झोळीत रडणारं मूल तुम्ही पाहिलं असेल. ती झोळी अडकवून आधी काटा शून्यावर आणला नाही, तर झोळीचं वजन मुलाच्या नावावर चढतं. मग हडकुळं मूल कागदावर सुदृढ ठरतं आणि त्याच्या वाट्याचा जादा आहार राहून जातो. आमच्या काट्यानं एका आईला विनाकारण घाबरवलं. उलट चूक त्याहून वाईट. ती आईला विनाकारण निर्धास्त करते.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती. वजनाच्या दिवशी पहिला मान मुलाला देऊ नका. आधी छापाचं वजन काट्यावर ठेवा, ते मुलांनाच वाचायला लावा आणि तो आकडा वहीच्या माथ्यावर लिहा. आमच्या शाळेत आता तसंच होतं. त्या आईची मुलगी आता मोठी झाली. शाळा सोडायच्या वर्षी वीस किलोचं ते वजन काट्यावर ठेवण्याचं काम तिच्याकडेच होतं, आणि काटा विसावर थांबेपर्यंत ती कुणालाही वर चढू देत नसे.