लॅपटॉपची बॅटरी: तास किती, वर्षे किती

लॅपटॉपच्या बॅटरीचे आयुष्य दोन प्रकारे मोजले जाते. एकदा पूर्ण भरलेली बॅटरी किती तास चालते, हे पहिले माप. आणि नवी असताना जेवढी वीज ती साठवीत असे, तेवढी किती वर्षे साठवू शकते, हे दुसरे. नेहमी सुचविले जाणारे उपाय बहुधा पहिल्या मापाशी संबंधित असतात. दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाल्यास दोन-तीन वर्षांत अशी वेळ येते, की वीज गेल्यावर अर्ध्या तासातच पडदा काळा होतो. मग ऑनलाइन परीक्षा किंवा कार्यालयीन बैठक अर्ध्यावर सोडावी लागते.

पहिल्या मापाचा हिशेब सोपा आहे. बॅटरीची क्षमता वॉट-तासांत दिलेली असते. ५० वॉट-तास क्षमतेच्या बॅटरीवर चालणारा लॅपटॉप सरासरी ७ वॉट वीज घेत असेल, तर ती सुमारे ७ तास पुरेल. हाच वापर १४ वॉटवर गेला, तर साडेतीन तासांत संपेल. साध्या लेखन-वाचनाच्या कामात सर्वाधिक वीज बहुधा पडदा घेतो. त्यामुळे पडद्याची प्रखरता कमी करणे हा सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. ज्या पडद्यांचे चित्र सेकंदाला १२० वेळा बदलते, त्यांचा वेग ६० वर आणल्यानेही बचत होते. काळ्या पार्श्वभूमीचा लाभ मात्र ओएलईडी पडद्यांवरच मिळतो. साध्या एलसीडी पडद्यामागील दिवा, चित्र काळे असो वा पांढरे, सारखाच जळत राहतो. ब्राउझरमध्ये उघडी ठेवलेली डझनभर पाने आणि आपोआप सुरू होणारे व्हिडिओ हे वीज खाणारे दुसरे मोठे कारण आहे.

लॅपटॉप झाकण मिटून पिशवीत ठेवला, तरी निद्रावस्थेत तो थोडी वीज घेतच राहतो. कित्येक नव्या लॅपटॉपमध्ये हा वापर लक्षणीय असतो आणि बंद पिशवीत यंत्र तापतेही. काही तासांहून अधिक काळ काम करायचे नसल्यास ‘हायबरनेट’ हा पर्याय वापरावा. त्यात चालू काम डिस्कवर साठवून यंत्र जवळजवळ पूर्ण बंद होते. विंडोजमध्ये हा पर्याय अनेकदा लपविलेला असतो. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर विभागातून तो सुरू करता येतो.

दुसरे माप समजण्यासाठी थोडे रसायनशास्त्र जाणून घ्यावे लागते. १९९१ मध्ये सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीच्या पायाभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीत लिथियमचे आयन एका इलेक्ट्रोडकडून दुसऱ्याकडे ये-जा करतात. प्रत्येक फेरीत काही लिथियम कायमचे अडकून पडते आणि क्षमता घटते. ही झीज वापराने होतेच. परंतु नुसते पडून राहिल्यानेही होते. उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था या दोन गोष्टी तिला वेग देतात.

बॅटरी-चाचणीची उपकरणे बनविणाऱ्या कॅनडातील कॅडेक्स या कंपनीने प्रसिद्ध केलेला तक्ता या बाबतीत बोलका आहे. २५ अंश सेल्सियस तापमानात ४० टक्के भरून ठेवलेल्या बॅटरीची क्षमता वर्षभरानंतर ९६ टक्के राहते. पूर्ण भरून ठेवलेल्या बॅटरीची ८० टक्के. तापमान ४० अंश असेल, तर हेच आकडे अनुक्रमे ८५ आणि ६५ टक्क्यांवर येतात. उत्तर भारत किंवा विदर्भातील उन्हाळ्याचा अनुभव असलेल्यांना ४० अंशांचे वेगळे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. उन्हात उभ्या मोटारीत लॅपटॉप ठेवणे, उशी वा गादीवर ठेवून हवेचे झरोके बंद करणे, चार्जर जोडलेला असताना तासन्‌तास खेळ खेळणे, या सवयी बॅटरीची वर्षे कमी करतात. याउलट, हिवाळ्यात लेह किंवा लाहौल-स्पितीसारख्या भागात यंत्राचे तापमान शून्याखाली गेले असल्यास ते खोलीत उबदार होऊ द्यावे व नंतरच चार्जर जोडावा.

दिवसभर टेबलावर चार्जरला जोडूनच काम करणाऱ्यांसाठी बहुतेक प्रमुख कंपन्यांनी चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय दिली आहे. ती कंपनीच्या स्वतःच्या प्रणालीत किंवा बायोसमध्ये सापडते. मात्र जेथे वीज वारंवार जाते, तेथे ही मर्यादा गैरसोयीची वाटू शकते. एरवी ८० टक्क्यांची मर्यादा ठेवावी आणि परीक्षा, प्रवास किंवा जाहीर झालेल्या भारनियमनाच्या आदल्या रात्री ती काढावी, हा मार्ग अधिक व्यवहार्य आहे. एखाद्या रात्रीच्या पूर्ण चार्जिंगने बिघडत नाही. महिनोन्‌महिने शंभर टक्क्यांवर राहण्याने बिघडते.

बॅटरी पूर्ण संपवूनच पुन्हा भरावी, हा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीसाठी योग्य होता. लिथियम-आयनसाठी तो हानिकारक आहे. शिल्लक विजेचा आकडा चुकीचा दाखविला जात असेल, तर क्वचित एकदा असे केल्याने मोजमाप सुधारते, क्षमता मात्र वाढत नाही. विंडोजच्या बॅटरी अहवालात मूळ क्षमता व सध्याची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. मॅकमध्ये सिस्टिम माहितीत चार्जिंगच्या फेऱ्यांची संख्या मिळते. सध्याची क्षमता मूळ क्षमतेच्या निम्म्यावर आली असेल, तर सेटिंग बदलण्यात वेळ घालविण्यापेक्षा बॅटरी बदलणेच इष्ट.

नवी बॅटरी घेताना केवळ स्वस्त किंमत पाहू नये. भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणी चिन्ह तपासावे. सेलमधील बारीक धातुकणांमुळे आग लागण्याचा धोका आढळल्याने ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीने सोनीचे सेल असलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागविल्या होत्या. नामांकित उत्पादकांची ही स्थिती, तर बनावट बॅटरीबाबत अधिकच सावधगिरी हवी. टचपॅड वर उचलला गेला, झाकण नीट बसेनासे झाले किंवा तळ फुगीर दिसू लागला, तर बॅटरी फुगली असल्याची शक्यता असते. अशा वेळी लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, बॅटरी दाबू वा टोचू नये आणि यंत्र सेवा केंद्रात न्यावे. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे.